चौकटीच्या मुठीची सुरी: गावच्या लोहाराकडून करवून घ्यायची तर किती पडेल?

बीड जिल्ह्यातल्या चकलांबा, उमापूर, शिरूर कासार या पट्ट्यात लोहारकाम वर्षातून दोनदा तुंबतं. एकदा मृगाच्या आधी, कारण फाळ, पास, खुरपी शेवटून घ्यायची असतात. दुसऱ्यांदा दसरा-दिवाळीच्या सुमारास, कारण ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या असतात आणि प्रत्येकाला धारेचा कोयता हवा असतो. या दोन्ही वेळी लोहाराकडे वेगळं, नाजूक काम घेऊन जाऊ नका. तो नाही म्हणणार नाही, पण घाईत करेल. टोळ्या कारखान्यांवर गेलेल्या असतात ते जानेवारी ते मार्चचे दिवस या कामाला सगळ्यात चांगले. कोळसा कोरडा असतो, भाता मोकळा असतो आणि लोहारालाही त्या काळात मिळालेलं काम हवंच असतं.

आधी आकडा सांगतो. बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला बसलेल्या घिसाड्याकडची तयार सुरी १५० ते ३०० रुपयांना मिळते. तिला मागे निमुळती शेपटी असते आणि ती लाकडात ठोकलेली असते. मापं देऊन, चांगल्या पोलादाची, मूठ आणि पातं एकाच पट्टीतून काढलेली सुरी करवून घेतली तर १,५०० ते २,३०० रुपये लागतात. तीच चौकटीच्या मुठीची हवी असेल तर २,२०० ते ३,३०० रुपये, आणि चामड्याचं म्यान धरून जास्तीत जास्त ३,८०० रुपयांपर्यंत जाते. गेवराई-बीड भागातली रोजंदारी, भंगाराचा भाव आणि हार्डवेअर दुकानातला किरकोळ माल धरून हे अंदाजपत्रक मांडलं आहे. भाव हलतील, पण कुठल्या कामाला किती जातात हे प्रमाण फारसं हलत नाही, आणि गिऱ्हाइकाला समजून घ्यायचं आहे ते हेच प्रमाण.

ही सुरी कोणती, तेही स्पष्ट करू. जगभर जिला शिकारी सुरी म्हणतात तिचं पातं ४ ते ५ इंचांचं असतं. टोक पाठीकडून हळूच उतरत आलेलं आणि धारेला पोटाकडे भरदार गोलाई. हा घाट अमेरिकेत बॉब लव्हलेस (१९२९–२०१०) या कारागिरामुळे लोकप्रिय झाला. आपल्याकडे शिकारीला १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने बंदी आहे. रानडुक्कर किंवा रोही पिकात घुसत असले तरी वनखात्याची रीतसर परवानगी घेतल्याशिवाय त्यांना मारता येत नाही. तेव्हा शिकारीसाठी म्हणून ही सुरी करवून घ्यायची नाही. पण घाट मात्र शेतात फार उपयोगी आहे. ठिबकची नळी कापणं, सुतळी आणि कासरा तोडणं, कापसाचं पोतं उसवणं, मोसंबीच्या बागेतली बारीक छाटणी, बोकड सोलणं, या सगळ्याला कोयता मोठा पडतो आणि स्वयंपाकघरातली सुरी नाजूक. मधली जागा ही सुरी भरून काढते.

आता मूठ. घिसाड्याच्या हातच्या खुरप्याला, विळ्याला आणि साध्या सुरीला मागे शेपटी असते. ती लाल करून लाकडात ठोकतात आणि तोंडाशी लोखंडी कडं चढवतात. स्वस्त आणि झटपट होणारी पद्धत आहे, तिला हलकी समजू नका. स्वीडनमधल्या मोरा गावच्या जगप्रसिद्ध सुऱ्यांनाही लाकडी मुठीत जाणारी अशीच शेपटी असते. दोष शेपटीचा नाही, जळलेल्या भोकाचा आहे. तापलेल्या लोखंडाने आतलं लाकूड कोळसा होतं, मग पावसाळ्यात मूठ फुगते, उन्हाळ्यात आटते आणि दोन-तीन हंगामांत पातं डुगडुगायला लागतं. यावर लोक सलग पाट्याची मूठ करून घेतात. पातं आणि मूठ एकाच पट्टीतून काढायची, दोन्ही अंगांनी लाकडाच्या फळ्या लावायच्या आणि आरपार खिळे मारून टोकं ठोकून पसरायची. भक्कम काम. फक्त घडाईच्या लोहाराला ते जाचतं, कारण मुठीची पूर्ण रुंदी आणि सपाटी ऐरणीवर सांभाळावी लागते.

चौकटीची मूठ या दोन्हींच्या मधली आहे. मुठीच्या आकाराची धातूची सपाट पट्टी घ्यायची आणि तिच्यात पुढच्या बाजूने शेपटीच्या मापाची खाच कापायची. शेपटी त्या खाचेत सरकवायची, दोन्ही अंगांनी लाकडी फळ्या बसवायच्या, चिकटवायच्या आणि खिळे मारायचे. एक खिळा शेपटीतून आरपार गेलाच पाहिजे. बाहेरून पाहणाऱ्याला सुरी सलग पाट्याची वाटते. लाकूड जळत नाही, म्हणून ढिलंही होत नाही. आणि मला या पद्धतीचं सगळ्यात मोठं मोल वाटतं ते वेगळंच आहे: काम वाटून करता येतं. पातं लोहार घडवतो, चौकट गेवराईच्या एखाद्या वेल्डिंग-फिटिंगच्या दुकानात कापली जाते, फळ्या गावचा सुतार काढून देतो आणि शेवटी सगळं एकत्र बसवलं जातं. एकाच माणसाला सगळी हत्यारं आणि सगळी कसबं असावी लागत नाहीत. शहरातल्या सुरी-कारागिराकडे महागडी पट्ट्याची घासयंत्रं असतात, आपल्याकडे नाहीत. चौकट ही उणीव भरून काढते.

दुकानात तुम्हाला सांगतील की पितळेची चौकट घ्या, छान दिसते आणि मूठ हलकीही होते. दिसण्याचं खरं आहे, वजनाचं नाही. मूठ ११ सेंटिमीटर लांब, अडीच रुंद आणि पट्टी ४ मिलिमीटर जाड धरा. सलग पोलादाची असेल तर मुठीतल्या धातूचं वजन ८६ ग्रॅमच्या आसपास भरतं. शेपटी ८ सेंटिमीटर लांब आणि १ सेंटिमीटर रुंद ठेवून भोवती पितळेची चौकट केली तर शेपटी आणि चौकट मिळून ९० ग्रॅम होतात, म्हणजे उलट थोडं जास्तच. तीच चौकट ॲल्युमिनियमची केली तर सगळं मिळून ४६-४७ ग्रॅम भरतं. दिवसभर हातात राहणारी सुरी हवी असेल तर ॲल्युमिनियम घ्या. पितळ घ्यायचं ते गंजत नाही म्हणून आणि डोळ्यांना बरं दिसतं म्हणून. पोलादी पट्टीचीही चौकट करता येते, पण ती आतून गंजते, आणि त्यातून काही साधत नाही.

खर्चाचा तपशील पोलादापासून सुरू करू, कारण गिऱ्हाईक सगळ्यात जास्त घासाघीस तिथेच करतं आणि तिथेच पैसे सगळ्यात कमी जातात. एका सुरीला २५ सेंटिमीटर लांब, ३ सेंटिमीटरच्या वर रुंद आणि ६ मिलिमीटर जाड पट्टी पुरते. तिचं वजन ४०० ग्रॅमही भरत नाही. भंगारातला गाडीचा पाटा किलोला ८०-१०० रुपयांनी मिळाला तरी तुमच्या सुरीचं पोलाद ३० ते ५० रुपयांचं. लोहाराला एवढंच विचारा, ‘‘दादा, पाट्याचंच आहे ना?’’ ट्रक, जीप किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा पाटा स्प्रिंगच्या पोलादाचा असतो. त्यात कार्बन अर्धा टक्का किंवा त्याहून थोडा जास्त असतो, म्हणून त्याला पाणी चढतं. बांधकामाच्या सळईत कार्बन पाव टक्क्याच्या आसपास. ती कितीही तापवून विझवा, सुरीच्या कामाची कडक होत नाही. ओळख सोपी आहे: ग्राइंडरवर धरलं की सळईच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात, पाट्याच्या ठिणग्या टोकाला फुलांसारख्या फुटतात. बेअरिंगचं पोलाद आणखी सरस, त्यात सुमारे १ टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असतं. पण बेअरिंगचं कडं सरळ करून घडवायला मजुरी वाढते, आणि पाणी देताना चूक झाली तर पातं फुटतं. पहिल्या सुरीला पाटाच बरा.

पाट्याची एकच खोड आहे. लाखो वेळा वाकून-सरळ होऊन त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडलेल्या असू शकतात. घडाईच्या आधी तुकडा घासून स्वच्छ करा, रॉकेल किंवा डिझेल लावून थोडा वेळ ठेवा, कोरडा पुसा आणि वर खडू फिरवा. चीर असेल तर तेल बाहेर येऊन खडूवर रेघ उमटते. खर्च काही नाही, आणि पुढचे दोन-तीन हजार वाया जाणं टळतं.

घडाईला ३-४ किलो कोळसा लागतो, तो १५० ते २०० रुपयांचा. मजुरी मात्र नीट समजून घ्या. घिसाडी कुटुंबात नवरा सांडशीत लोखंड धरतो आणि बायको घण मारते. महाराष्ट्रात भटक्या जमाती (ब) या प्रवर्गात नोंद असलेल्या या समाजात हे काम जोडप्यानेच होत आलं आहे. म्हणून घडाईची मजुरी दोघांची धरा. दोन माणसांचा निम्मा दिवस म्हणजे ५०० ते ७०० रुपये. ‘‘अर्ध्या तासाचं तर काम’’ असं म्हणत ती एका माणसाच्या मजुरीवर आणणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते मला अन्यायाचं वाटतं. ज्या बाईच्या खांद्यातून तो घण उतरतो तिची मजुरी हिशेबात वेगळी दिसत नाही, म्हणून ती द्यायचीच नाही असं होत नाही. घडाईनंतर कानस, ग्राइंडर आणि पॉलिश पेपरचं घासकाम येतं, त्याचे ३०० ते ४०० रुपये धरा. या टप्प्यावर धार बारीक करायची नाही. धारेच्या जागी जाड नाण्याएवढी जाडी राखावी लागते, नाहीतर पाणी देताना पातं वाकतं.

सुरी म्हणजे काय, हे ठरतं पाणी देताना. बाकी सगळं बरोबर आणि हे चुकलं तर हातात शोभेची पट्टी राहते. लोहार कोयत्याला पाणी देतो तेव्हा फक्त धारेची कड बादलीत बुडवतो. उसाच्या पेरावर आदळणाऱ्या कोयत्याला तेच योग्य, कारण धार थोडी मऊ राहिली तर चालतं, तुटलेली चालत नाही. सुरीला तसं करू नका म्हणून आग्रहाने सांगा. पाट्याचं पोलाद एकदम थंड पाण्यात गेलं तर टिक् असा आवाज येतो आणि चीर पडते. त्याला तेल हवं. लोखंडी डब्यात दीड-दोन लिटर खाद्यतेल हाताला सोसवेल इतकं गरम करून ठेवायचं. तेल पुन:पुन्हा वापरता येतं, म्हणून एका सुरीच्या वाट्याला शे-दीडशे रुपयेच येतात. हे काम उन्हात करू नका. सावलीत किंवा दिवस मावळताना पोलादाचा रंग खरा दिसतो. जवळ चुंबक ठेवा. पोलाद सुमारे ७७० अंशांना चुंबकाला चिकटेनासं होतं. त्यानंतर रंग आणखी किंचित उजळू द्यायचा, म्हणजे ८५० अंशांच्या आसपास पोचतं, आणि टोक खाली करून सरळ तेलात न्यायचं. तिरकं बुडवलं तर पातं तिरकं होतं. त्याआधी दोन-तीनदा लाल करून हवेत किंवा राखेत गार होऊ दिलं तर घडाईचा ताण निघून जातो. लोहाराला हे माहीत असतं, पण गिऱ्हाईक घाई करतं म्हणून तो वगळतो. तुम्ही घाई करू नका.

तेलातून निघालेलं पातं काचेइतकं ठिसूळ असतं. ते हातातून फरशीवर पडलं तर दोन तुकडे होतात. त्याच दिवशी ते उतरवून, म्हणजे हलका ताप देऊन ठिसूळपणा कमी करून घ्यायला हवं. घरात केकचा ओव्हन असेल तर २०० अंशांवर दोन तास, गार होऊ द्या, पुन्हा दोन तास. विजेला २०-३० रुपये लागतील. ओव्हन नसेल तर लोहाराची जुनी रीत आहे: पातं घासून पांढरं करायचं, पाठीकडून शेक द्यायचा आणि धारेकडे सरकत येणारा रंग पाहायचा. धारेवर गव्हाळ पिवळा आला की लगेच थांबायचं, तो २०५ ते २३० अंशांचा रंग. निळा येऊ दिला तर ३०० अंशांकडे गेलं समजा. कोयत्याला, कुऱ्हाडीला ते चालेल, सुरीची धार मात्र लवकर मरेल. पाणी देणं आणि उतरवणं मिळून १५० ते २०० रुपये पडतात. मी स्वतः यासाठी लोहाराला वर शंभर-दोनशे देईन आणि घासकामातला चकचकीतपणा सोडून देईन.

आता चौकट. ४ मिलिमीटरची पितळी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी १०० ते २०० रुपयांची. कापणं, खाच पाडणं, भोकं आणि कानसकाम मिळून ४०० ते ६०० रुपये. इथे मोजमापाला महत्त्व आहे. चौकट आणि शेपटी यांची जाडी एकसारखी हवी. शेपटी जाड असेल तर फळ्या चौकटीवर टेकत नाहीत आणि कडेला फट दिसते. चौकट किंचित जाड असेल तर ती जागा चिकटद्रव्याने भरता येते. म्हणून फिटरकडे कागदावरचं माप घेऊन जाऊ नका, घडवून पाणी दिलेलं पातं प्रत्यक्ष घेऊन जा. मुठीचा आकार जाड पुठ्ठ्यावर कापून हातात धरून पाहा, चार दिवस त्यात बदल करत राहा, मगच धातूवर रेघ मारा. पुठ्ठा फुकट आहे, पितळ नाही.

लाकडासाठी लांब जायची गरज नाही. आपल्या भागात बाभळीची कमतरता नाही, आणि औतांना, दांड्यांना पिढ्यानपिढ्या तेच वापरलं गेलं. सुताराकडच्या जुन्या, वाळलेल्या बाभळीच्या तुकड्यातून दोन फळ्या ५० ते १०० रुपयांत निघतात. बोरीचं लाकूडही बारीक पोताचं आणि टिकाऊ. ओलं लाकूड मात्र कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका, सहा महिन्यांत ते चौकटीपासून सुटतं. शिसव, खैर किंवा चंदन कुणी देऊ केलं तर पावती मागा. या झाडांच्या तोडीवर आणि वाहतुकीवर निर्बंध आहेत. आणि सांबरशिंगाची मूठ कुणी सुचवली तर तिथून उठून या. शिकारी सुरीला सांबरशिंग ही जुनी फॅशन होती. आज वन्यप्राण्याचं शिंग बाळगणं आणि त्याचा व्यापार करणं गुन्हा आहे, जंगलात गळून पडलेलं असलं तरीही. शिंगच हवं असेल तर म्हशीचं चालतं.

खिळ्यांसाठी ३ किंवा ४ मिलिमीटरची पितळी कांडी आणि अरल्डाइट मिळून १५० ते २५० रुपये. लवकर सुकणारा प्रकार घेऊ नका, दिवसभर सुकणारा घ्या. तो जास्त घट्ट धरतो आणि फळ्या सरळ करायला वेळही देतो. धातू खरवडून, तेलाचा अंश साबणाने धुऊन, कोरडा करूनच लावा. बसवणी, शेवटचं घासकाम आणि पॉलिश यांचे ४०० ते ६०० रुपये. पॉलिशला जवसाचं उकळलेलं तेल उत्तम, पण त्याने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून टाकू नका. त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून फेका.

या सगळ्यातली चौकटीमुळे वाढलेली रक्कम ६५० ते १,००० रुपयांची आहे. ती सगळ्यांनी खर्चावी असं मी म्हणणार नाही. पातं नवीन करवून घ्यायचं असेल आणि वजनाची अडचण नसेल तर सलग पाट्याची सुरी पुरेशी आहे. चौकट तेव्हा घ्या, जेव्हा घरात चांगलं जुनं शेपटीचं पातं आहे आणि त्याची मूठ गेली आहे, किंवा लोहाराचा हात घडाईला उत्तम आहे पण सपाट फिटिंगला नाही. आजोबांच्या वेळच्या सुरीचं पातं माळ्यावर पडलेलं असेल तर खर्च आणखी उतरतो, कारण पोलादापासून पाणी देण्यापर्यंतचा बहुतेक खर्च वगळला जातो आणि १,२०० ते १,९०० रुपयांत नवी मूठ होते.

नक्षीचं ‘दमास्कस’ पातं हजारो रुपयांना विकलं जातं, त्याबद्दल दोन शब्द. सुटं पोलाद जोडून, दुमडून नक्षी काढणं हे खरं कसब आहे, पण धार त्याने वाढत नाही. बाजारातली बरीच नक्षी साध्या पात्यावर आम्लाने उमटवलेली असते. एके काळी दख्खनचं वूट्झ पोलाद जगभर नावाजलं गेलं, तेलंगणातलं कोनसमुद्रम हे त्याचं एक केंद्र, आणि बीडप्रमाणे तेही निजामाच्या मुलखात होतं. त्या पोलादाचा मान त्यातल्या कार्बनामुळे आणि घडवणाऱ्याच्या हातामुळे होता. नक्षी त्यातून आपोआप उमटलेली होती.

कायद्याची बाजू थोडक्यात. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या धारदार शस्त्रांच्या वर्गात येतात. घरगुती, शेतीच्या आणि औद्योगिक कामासाठी घडवलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत, म्हणून कोयत्याला परवाना लागत नाही. तुमचं पातं ४ इंच लांब आणि सव्वा इंच रुंद ठेवा. लोहाराला दुधारी खंजीर किंवा हातभर पातं करायला सांगून अडचणीत आणू नका. शस्त्राच्या वर्गातलं हत्यार बनवणाऱ्यावरही कायद्याची जबाबदारी येते, आणि चकलांब्याला स्वतःचं पोलीस ठाणं आहे. शेतात, घरात सुरी वापरायला हरकत नाही. पण जत्रेत, बाजारात, सभेत कमरेला लावून फिरू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदी, शस्त्रबंदीचे आदेश सण आणि निवडणुकांच्या काळात निघत असतात, त्या दिवसांत छोटी सुरीही महागात पडते. लोहाराकडून साध्या कागदावर तारीख, मापं आणि ‘शेतीकामासाठी’ असं लिहून घ्या. दुकानातून सुरी घेतली तर २०२२ च्या जुलैपासून १८ टक्के जीएसटी आहे, विळा-कोयता-कुऱ्हाड अशा शेतीच्या हातहत्यारांवर तो नाही.

पैसे कसे द्यायचे? घडाईच्या दिवशी निम्मा इसार, पाणी दिलेलं पातं तपासल्यावर पाव आणि तयार सुरी हातात आल्यावर उरलेला पाव. फिटर आणि सुताराचे पैसे तुम्ही स्वतः द्या, लोहाराच्या माथी मारू नका. लोहाराला पंतप्रधान विश्वकर्मा योजनेबद्दल माहीत नसेल तर सांगा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेतल्या १८ व्यवसायांत लोहार आहे. हत्यारांच्या संचासाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज मिळण्याची तरतूद आहे. हाताने फिरवायचा भाता जाऊन विजेचा पंखा आला तर कोळसाही कमी जळेल आणि पात्याचा तापही एकसारखा राहील.

सुरी घेताना अमेरिकेतल्या लोहार-संघटनेच्या कसोटीतलं थोडं घ्या. १९७६ साली स्थापन झालेल्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीच्या परीक्षेत सुरीने लटकणारा इंचभर जाड दोर एका घावात तोडायचा असतो, मग लाकडाची जाड पट्टी दोनदा तोडायची, त्यानंतर त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत, आणि शेवटी पातं ९० अंशांत वाकवायचं. शेवटची कसोटी तुम्ही करू नका, तिच्यात सुरी कायमची जाते. सुती दोर आणि बाभळीची वाळकी फांदी पुरे. त्यानंतर कागद सरळ कापला जातो का ते पाहा. धारेवर जुनी कानस हलक्या हाताने फिरवा: ती घसरली तर पाणी चढलं आहे, तिने कीस काढला तर पातं परत करा. धार पितळी कांडीवर टेकवून हलका दाब द्या आणि उजेडात पाहा. धार किंचित वाकून परत सरळ झाली तर उत्तम, वाकलेलीच राहिली तर मऊ, तुकडा उडाला तर उतरवण कमी पडली. मूठ कानाजवळ धरून तिच्यावर बोटाने टिचक्या मारत जा. पोकळ आवाज आला तिथे चिकटद्रव्य पोचलेलं नाही. चौकट आणि लाकडाच्या सांध्यात नख अडकता कामा नये.

म्यान चामड्याचं करून घेतलं तर ३०० ते ५०० रुपये. क्रोमने कमावलेल्या चामड्यात पातं लवकर गंजतं, म्हणून झाडाच्या सालीने कमावलेलं मागा. तरीही सुरी म्यानात कायम ठेवू नका. पाट्याचं पोलाद स्टेनलेस नसतं, वापरून झाल्यावर पुसून दोन थेंब खोबरेल लावलं की पुरतं. धार मरली तर ग्राइंडरवर धरू देऊ नका, ठिणग्यांबरोबर पाणीही उतरतं. १५० ते ३०० रुपयांचा दोन बाजूंचा दगड घ्या आणि पातं दगडापासून २० अंशांवर धरून परजा. कधी फळी फुटली तर सुरी टाकायची नाही. खिळे ड्रिलने काढायचे, जुनी फळी शेकून सोडवायची आणि त्याच चौकटीवर नवी बसवायची. सुतार आणि फिटर मिळून ३०० ते ५०० रुपयांत हे काम होतं. फळी शेकताना पात्याला मात्र ओला फडका गुंडाळून ठेवा.